कंबरेचं माप

४ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप वन्संना,

वाकून नमस्कार. वाकणं आता पत्रातच जमतं, दिवसभर शिलाई मशीनवर बसून कंबर धरून येते.

तुमचं पत्र पोचलं. वाचून आधी रडू आलं, मग राग आला. आता दोन्ही जरा बाजूला ठेवून उत्तर लिहिते आहे. फोन केला असता, पण तुम्हाला फोनवर धड ऐकू येत नाही आणि मला दोन खोल्यांच्या घरात ओरडून बोलता येत नाही. शिवाय काही गोष्टी ओरडून बोलायच्या नसतात.

तुम्ही लिहिलंत, 'फोटोत माझ्या भावाची हाडं मोजता येतात. नोकरी कर, पण घरात चूल पेटते की नाही?' वन्सं, चूल पेटते. दोन्ही वेळा पेटते. तुमचे बंधुराज पहिल्यापेक्षा जास्त जेवतात. डबा मी भरते तो रिकामा येतो, वर आल्याआल्या विचारतात, 'काही आहे का तोंडात टाकायला?' मग ते कुठं जातं हे मला विचारू नका. आणि तो फोटो दुःखाचा नाही, कौतुकाचा आहे. छातीवर बिल्ला दिसला नाही का तुम्हाला? की हाडं मोजण्यात राहूनच गेला?

आता बिल्ल्याची हकीकत सांगते, म्हणजे तुमचा माझ्यावरचा राग थोडा उतरेल.

गेल्या वर्षी दुसऱ्या एका बसडेपोतला चालक गाडीवर असतानाच गेला. खूप जाड होता. त्यानंतर मुख्य कचेरीतून हुकूम आला की सगळ्या चालकांच्या कंबरा मोजा. ठरलेल्या मापाच्या वर ज्याची कंबर, त्याचं रक्त तपासायचं, आणि सहा महिन्यांत कंबर उतरली नाही तर त्याला गाडीवरून काढून धुलाईवर पाठवायचं. टेप कोणाकडे? गणवेश शिवणाऱ्या बाईकडे. झालं, मोजायला मला बसवलं. टायरच्या गोदामाला लागून माझी शिवणाची खोली आहे, तिच्या दारापासून रांग लागली. मी आकडा वाचायचा, साहेबांचा कारकून लिहून घ्यायचा.

सगळ्या डेपोंची मापं जमली, तशी कचेरीनं त्यावरून एक तक्ता काढला. कुठल्या लोकांत लठ्ठ किती. तो आमच्या फळ्यावर लागला. बेटावरून आलेले सगळ्यांत वर, शंभरात जवळजवळ निम्मे. त्यांच्या खाली डोंगराकडचे. आणि आपले लोक सगळ्यांत तळाला, शंभरात दहा-बारा. परीक्षेत तळाला आल्याचा एवढा आनंद मी आयुष्यात पाहिला नव्हता. आपली माणसं छाती काढून फिरत होती. तुमचे बंधुराज तर फळ्यापाशी उभे राहून म्हणाले, "आपलं रक्तच काटक आहे. यांचं काय, जन्मतःच पिंप."

पैलवान मागेच उभे होते.

पैलवान म्हणजे यांचे जोडीदार. बेटावरचे. एकाच मार्गावर पंधरा-सोळा वर्षं, सकाळची गाडी यांची, दुपारची त्यांची. खरं नाव कोणी घेत नाही. उंचीला दार कमी पडतं आणि रुंदीलाही. ते यांना 'काडी' म्हणतात, हे त्यांना 'पैलवान'. पाळी बदलताना एकाच थर्मासमधला चहा दोघांत होतो. पिंप म्हटल्यावर ते हसले. दुसऱ्या दिवशी चहाही झाला. पण मला ते आवडलं नाही, मी घरी बोलले. तर म्हणाले, "मैत्रीत चालतं गं."

पैलवानांचं माप मीच घेतलं होतं. दोन्ही हात वर करून म्हणाले, "वहिनी, टेप पुरेल ना? नाहीतर दोन जोडा." सगळे हसले. मी आकडा वाचला तसं हसणं थांबलं, कारण त्या आकड्याचा अर्थ सगळ्यांना ठाऊक होता. त्यांचं रक्त तपासलं, ते अगदी स्वच्छ निघालं. पण कंबर काही उतरली नाही. त्यामुळे गेल्या महिन्यापासून पैलवान रबरी नळी घेऊन बस धुतात. माझ्या खिडकीतून दिसतात. गुडघ्यापर्यंत बूट, अंगावर गणवेश नाही.

आणि यांची कंबर मात्र उतरत गेली. वर्षात दोनदा मी यांची पँट आत घेतली. दुसऱ्या वेळी तर मला स्वतःचा अभिमान वाटला, जशी काही मीच कापून कमी केली! साहेबांनी सगळ्यांसमोर 'चुस्त चालक' असा बिल्ला लावला. तोच फोटो तुमच्याकडे आला.

बाकी ठीक. ऊन या वर्षी लवकर सुरू झालंय. पाण्याची बाटली उशाशी लागते, तीही पहाटेपर्यंत पुरत नाही. यांची झोप नीट होत नाही, सारखं उठावं लागतं. वयच आहे म्हणा.

एक विचारायचं होतं. मामंजी असेच काटक होते, असं तुम्ही नेहमी सांगता. शेवटी ते कशानं गेले? हे म्हणतात, पायात खिळा गेला होता. सहज विचारते आहे.

तब्येतीला जपा. भाऊजींना नमस्कार.

तुमची भावजय


२ मार्च

तीर्थस्वरूप वन्संना,

नमस्कार. तुमचं उत्तर आलं नाही. रागावला असाल तर रागवा, पण हे पत्र पूर्ण वाचा आणि वाचून झाल्यावर ते घरात इकडेतिकडे ठेवू नका.

मागच्या पत्रात मी उन्हाचं लिहिलं होतं. ऊन नव्हतं, वन्सं. त्या उन्हात माझी बाटली भरलेलीच राहायची, फक्त यांची रिकामी व्हायची. मला तेव्हाच कळायला हवं होतं, पण तुम्ही 'चूल पेटते की नाही' असं विचारलंत आणि मी माझी बाजू मांडत बसले.

दहाएक दिवसांपूर्वी हे कामावरून आले आणि बूट न काढता पलंगावर बसून राहिले. मी दोनदा हाक मारली. मग म्हणाले, "दार लाव."

झालं होतं असं. बाजाराच्या वळणावर समोरचा सिग्नल यांना दोन दिसला. कुठला खरा ते कळेपर्यंत गाडी पदपथावर चढली. तिथं थांब्याचं बाकडं आहे, ते चेपलं. बाकड्यावर एक म्हातारी बसली होती, ती क्षणापूर्वीच उठून गाडीचा नंबर वाचायला पुढं आली होती. तिच्या पदराला सुद्धा धक्का लागला नाही. यांनी डेपोत सांगितलं, कुत्रं आडवं आलं. 'चुस्त चालका'वर कोण अविश्वास दाखवणार? साहेब म्हणाले, कुत्र्यांचा फार त्रास झालाय.

खरं काय ते यांनी दोघांनाच सांगितलं. मला आणि पैलवानांना. पैलवान म्हणाले, "काडी, डोळे दाखव, रक्त दाखव. मी तुझ्याबरोबर येतो." तर हे त्यांच्यावरच उखडले. "तुझं रक्त तपासलं, ते चांगलं निघालं, तरी तुला उतरवलंच ना? मग मी कशाला आपणहून मान पुढं करू? मी पास आहे." मलाही तेच सांगितलं. बिल्ला टेबलावर आपटून म्हणाले, "हे बघ. पास." आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घातली, की हे घराबाहेर जाता कामा नये.

म्हणजे तुम्हाला लिहून मी शपथ मोडलीच. पण तुमचं घर हेही यांचंच घर, असं मी मनाला समजावलं आहे.

डेपोच्या दवाखान्यात एक नवीन डॉक्टरीणबाई आठवड्यातून दोनदा येतात. लहानशाच आहेत, पण जीभ धारदार. त्यांचा पांढरा कोट ढगळ होता, तो आत घ्यायला माझ्याकडे आल्या. खांद्याला टाचण्या लावता लावता मी विषय काढला. माझ्या एका बहिणीचा नवरा आहे, म्हटलं, त्याला सारखी तहान लागते, सारखं जावं लागतं, खातो भरपूर आणि तरी वाळत चाललाय. त्यांनी टाचण्यांसकट मान वळवली.

"दिसतं कसं त्यांना?"

"कधीकधी एकाचे दोन."

"साखर वाढलीय. उद्या आणा त्यांना."

मी म्हटलं, पण तो जाड नाही हो, आमच्यातलाच आहे, काटक. तर त्या अशा भडकल्या, की एक टाचणी मलाच टोचली. म्हणाल्या, "त्या फळ्यावरच्या तक्त्यानं वाट लावली आहे सगळ्यांची. बेटावरच्या लोकांत जाड माणसं जास्त आहेत, आकडा खोटा नाही. त्यांच्या वस्तीत राहून बघा, उलटसुलट पाळ्या करून बघा, कोपऱ्यावरचं तळलेलं खाऊन बघा, तुम्हीही व्हाल. पण साखर काही तक्ता वाचून येत नाही. तुमच्या लोकांना ती बारीक अंगातच गाठते. हातपाय काड्या आणि चरबी आत, पोटात. तुमच्यासाठी माप खाली आणायला हवं. इथं सगळ्यांना एकच माप. जो टेपमध्ये बसला त्याला मी सुई टोचायचीच नाही, असा नियम. वर कळवलंय मी, कोणी उत्तर देत नाही."

मग विचारलं, "काय काम करतात ते?"

मी म्हटलं, दुकान आहे. खोटं बोलताना माझ्या हातातल्या टाचण्या खाली सांडल्या. त्या वेचायला त्याही बसल्या, आणि मला वाटतं त्यांना काहीतरी कळलं.

वन्सं, आता ऐका, हे पत्र कशासाठी आहे ते. या महिनाअखेरपासून डेपोला शाळेच्या गाड्या मिळाल्या आहेत. लहान मुलांच्या. त्यावर निवडक चालक बसवायचे ठरलंय. पहिलं नाव कोणाचं आलं असेल? बिल्लेवाल्यांचं. हे खूश आहेत. नव्या गाडीसाठी नवा गणवेश मलाच शिवायला सांगितलाय. कापड समोर पडलं आहे आणि कात्री लावायला माझा हात धजत नाही.

यांनी आयुष्यात फक्त तुमचं ऐकलंय. सासूबाई गेल्यावर तुम्ही यांना काखोटीला मारून वाढवलंत, हे दिवसातून एकदा तरी सांगतात. माझं काय, मी कालची, वीस वर्षांपूर्वीची. तुम्ही लिहा. दोनच ओळी लिहा, 'रक्त तपासून घे, माझी शपथ आहे.' माझं नाव घालू नका.

आणि मामंजींबद्दल मी पुन्हा विचारते. या वेळी सहज नाही. त्यांनाही तहान लागायची का?

तुमची भावजय


शनिवार, २४ मार्च

वन्सं,

नमस्कार. तुमचं पत्र मिळालं. माझ्या नावावर डेपोच्या पत्त्यावर पाठवलंत, हे बरं केलंत.

पहिल्या पानावर तुम्ही मला जे बोललात ते मी गिळलं. 'माझ्या भावाच्या हातातलं चाक काढून घ्यायला निघालीस, त्यापेक्षा जीव घे.' 'आमच्या घरात कोणी जाड झालं नाही, आमच्याकडे असले रोग नाहीत.' ठीक आहे. बहिणीचं काळीज आहे, म्हटलं, बोलू दे.

पण मागच्या पानावर तुम्ही मामंजींचं लिहिलंत. शेवटच्या वर्षी ते तांब्या तोंडाला लावायचे तो रिकामा झाल्याशिवाय खाली ठेवायचे नाहीत. काटक अंग आणखी वाळलं तर लोक म्हणायचे, काय तब्येत राखलीय. पायाला खिळा लागला हे खरं, पण जखम भरेना. मग पाय कापला, तरी भरेना. डॉक्टरांनी साखर म्हणून सांगितलं होतं. तेव्हा तुमच्या लग्नाचं बघणं चाललं होतं, घरात रोग आहे कळलं तर स्थळ परत जाईल, म्हणून सगळ्यांनी मिळून खिळ्यावर ढकललं. हे तेव्हा सात-आठ वर्षांचे. त्यांना खिळाच ठाऊक आहे. आणि शेवटी तुम्ही लिहिलंत, 'हे त्याला सांगू नकोस.'

वन्सं, मी तुम्हाला दोष देत नाही. त्या वयात, त्या घरात मीही तेच केलं असतं. पण ते पान वाचलं आणि माझं ठरलं. तुम्ही यांना दोन ओळी लिहिणार नव्हता, ते कळलं. आणि शाळेची गाडी सुरू व्हायला जेमतेम दोन आठवडे उरले होते.

मी डॉक्टरीणबाईंकडे गेले. म्हटलं, त्या दिवशी बहीण म्हणाले ती मीच. दुकान नाही, बस आहे. बाकड्याचंही सांगितलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आता मला हे कानाआड करता येणार नाही, कळतंय ना तुम्हाला?" मी म्हटलं, त्यासाठीच आले. माझं नाव मात्र सांगू नका. तेवढं त्यांनी पाळलं.

दुसऱ्या दिवशी त्या साहेबांच्या खोलीत जाऊन भांडल्या. आवाज माझ्या खोलीपर्यंत येत होता. त्यातून असं निघालं, की आपल्या लोकांतल्या सगळ्या चालकांचं रक्त तपासायचं, टेपमध्ये बसो न बसो. यांची साखर इतकी निघाली, की बाईंनी तिथल्या तिथं खुर्चीवर बसवून ठेवलं, गाडीच्या किल्ल्या मागून घेतल्या आणि थेट मोठ्या दवाखान्यात पाठवलं. आणखी दोन दिवस गेले असते तर बेशुद्धच आले असते, असं तिथले म्हणाले. आपल्यातले आणखी चौघे निघाले. चौघेही बारीक. एकाला तर माप घेताना मी स्वतः म्हटलं होतं, वा, मुलासारखी कंबर राखलीय!

आता औषध सुरू आहे. पाण्याची बाटली रात्री अर्धी उरते. डोळे निवळले तर काही महिन्यांनी पुन्हा गाडीचा विचार करू, असं बाई म्हणतात. एवढ्यावर हे पत्र संपायला हवं होतं. तुम्हाला लिहायला माझ्याकडे चांगली बातमी असती.

पण रक्त घेताना बाईंनी 'बाकडं चेपलं तेव्हा सिग्नल दोन दिसले ना?' असं विचारलं होतं, त्यावरून यांनी पहिल्या दिवशीच हिशेब मांडला. बाकड्याची खरी गोष्ट दोघांनाच ठाऊक होती. एक बायको, आणि बायको काही असं करणार नाही. उरला कोण?

माझं नाव यांच्या मनाला शिवलं सुद्धा नाही. या विश्वासाचं मी काय करू, सांगा.

दवाखान्यातून सुटल्यावर हे डेपोत गेले ते सरळ धुलाईच्या जागी. सगळ्यांसमोर म्हणाले, "स्वतःची गाडी गेली, म्हणून माझी घालवलीस. जाड्या, पोटात एवढी चरबी आणि त्यावर एवढी जळजळ?" पैलवानांनी नळी बंद केली. यांच्याकडे बघितलं, मग माझ्या खिडकीकडे बघितलं. आणि पुन्हा नळी सुरू केली.

त्यांना कळलंय, वन्सं. दोघांतला एक आपण नाही, म्हणजे दुसरी कोण, एवढा हिशेब त्यांनाही येतो.

आपली माणसं आता पिसाळली आहेत. काल फळ्यावरच्या तक्त्यापुढे नाचत होती, आज म्हणतात, आपल्यालाच का टोचलं? बेटवाल्यांचा कट आहे. त्यांच्यातल्या जाड्यांना धुलाईवर टाकलं म्हणून त्यांनी आपल्या बारक्यांना पकडून दिलं. पैलवानांच्या सायकलचे दोन्ही टायर कोणीतरी चिरले. त्यांच्या डब्यात जळकं ऑइल ओतलं. त्यांच्या बाजूचे लोकही आता टोळीनं येतात आणि टोळीनं जातात. पाळी बदलताना दोन थर्मास असतात. उद्या रविवारी संघटनेची सभा आहे. पैलवानांना संघटनेतून काढायचा ठराव आपली माणसं आणणार आहेत. संघटनेतून काढलं की साहेब धुलाईवरही ठेवणार नाहीत. आणि ठराव मांडायला उभे कोण राहणार? तुमचे बंधुराज.

परवा दुपारी पैलवान माझ्या खोलीत आले. बाही उसवली होती, तिचं निमित्त. मी धागा ओवत होते, तो ओवलाच जाईना. शेवटी मीच म्हटलं, भाऊ, मी उद्या सांगते यांना.

ते म्हणाले, "नका सांगू. काडी माझ्यावर चिडला तर वर्षभर तोंड बघणार नाही, मग येईल. तुमच्यावर चिडला तर तो घरी कुठल्या तोंडानं येणार? राहू दे माझ्या नावावर."

"तुमची नोकरी जाईल."

"मला बघून लोक आधीच काय काय समजतात, वहिनी. त्यात हे एक." आणि हसले. त्या हसण्यानं मला इतकं लाजवलं, की मी बाही उलटी शिवली आणि पुन्हा उसवावी लागली.

एवढ्या चांगल्या माणसाच्या आड मी लपून बसले आहे. लपायला जागा भरपूर आहे, असं हे म्हणाले असते. आता ती थट्टा मला सोसत नाही.

मी उद्या सकाळी सांगणार आहे, सभेला निघण्याआधी. कात्रीसारखं एकदाच चालवायचं, सुईसारखं टोचत बसायचं नाही. ते काय करतील ते मला ठाऊक नाही. हात उचलणारा माणूस नाही, पण बोलणं बंद केलं तर वर्षानुवर्षं बंद ठेवेल. चुलत दिरांशी ठेवलंच आहे. मला माहेर उरलेलं नाही, तुम्हाला ठाऊक आहे. भीती वाटते, वन्सं. शिवणाची खोली आणि हे घर, यापलीकडे माझं काही नाही.

पत्र पूर्ण करत नाही. उद्या काय होतं ते लिहून मगच पाठवते.


रविवार, संध्याकाळ

सांगितलं.

हे शर्टाची बटणं लावत होते. मी म्हटलं, पैलवानांनी नाही, मी सांगितलं डॉक्टरीणबाईंना. यांनी वरचं बटण लावलं. मग काढलं. म्हणाले, "तू?" मी म्हटलं, मी. तुमची शपथ मोडून. मग विचारलं, "का?" आणि वन्सं, मी ठरवलं नव्हतं, पण तोंडातून गेलं. म्हटलं, मामंजींसारखा तुमचा पाय कापलेला मला बघायचा नव्हता. त्यांना साखर होती. खिळा नंतर लागला.

 मला वाटलं आता माझ्यावर फुटतील. पण त्यांनी एवढंच विचारलं, "ताईला ठाऊक होतं?"

मी खोटं बोलू शकले असते. तुम्ही सांगू नकोस म्हणाला होता. मी हो म्हटलं.

मग सभेला गेले. मी मागोमाग गेले आणि दाराशी उभी राहिले. ठराव वाचायला यांना पुढं बोलावलं. हे उठले आणि म्हणाले, "माझ्या बायकोनं सांगितलं. पैलवानाचा काही संबंध नाही. मी त्याला नको ते बोललो." एवढं बोलून खाली बसले.  ठराव पडून राहिला. पैलवान सगळ्यांत मागच्या बाकावर होते, त्यांनी मान खाली घातली होती. दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. लगेच बोलतील असं मलाही वाटलं नव्हतं.

घरी आल्यापासून माझ्याशीही 'ताईला विचारायला जातो' एवढंच बोलले आहेत. पिशवी भरली आहे. उद्या पहिल्या गाडीनं तुमच्याकडे निघालेत. गाडीत प्रवासी म्हणून बसतील, किती वर्षांनी कोण जाणे. त्यांना माझ्याशी भांडायचं नाही. त्यांना तुम्हाला विचारायचं आहे, की आपला बाप कशानं गेला हे आपल्याला इतकी वर्षं का सांगितलं नाही. गोळ्या पिशवीच्या वरच्या कप्प्यात आहेत. जेवणाआधीची लाल, नंतरची पांढरी. जास्तीचं वाढू नका, वाळलेत म्हणून. तुमचा हात सैल आहे.

हे पत्र मी त्यांच्याच हाती देणार आहे. पाकीट चिकटवत नाही. वाटेत वाचलं तर वाचू दे, लपवण्यासारखं आता माझ्याकडे काही राहिलेलं नाही.

तुमच्याकडे राहिलं आहे. दार उघडाल तेव्हा ते तुमच्याकडे बघतील, तेव्हा खिळ्याची गोष्ट पुन्हा सांगू नका. ते ओरडतील, रडतील, न जेवता बसतील. बसू दे. पण खरं तुमच्या तोंडून ऐकलं, तर औषध घेतील. माझ्या तोंडून ऐकलेलं त्यांना नुसतं लागलंय.

आणि त्यानंतर त्यांना परत यायचं नसेल, तर मला तसं कळवा. त्यांना लिहायला लावू नका, तुम्हीच लिहा.

तुमची, आणि अजून तरी त्यांची,
भावजय